मधलं चाक

*फलकाचा मजकूर: सहाचाकी चिलखती गाडी. टपावर बसलेला चालक*

पुढं काही नाही. आठवडाभर इथंच घोडं पेंड खात होतं.

लष्करी संग्रहालयात जुने फोटो ओळखायचं काम तिचं. नळीवरून रणगाडा, शेपटीवरून विमान, धुरांड्यांवरून जहाज. आडवी येतात ती माणसं. नेमका जिथं क्रमांक रंगवलेला, तिथंच कुणीतरी हाताची घडी घालून उभं. या फोटोतल्या चालकानं तर टपावरून पाय सोडून क्रमांक झाकला होता, आणि तोंडावर हा भला मोठा गॉगल.

"मीच तो," सासरे म्हणाले होते. "पाय बघ ना. तुझ्या नवऱ्याचे पाय बघ आणि हे बघ."

पायांवरून नाव छापत नाहीत, असं तिचे साहेब म्हणाले. गाडी त्यांच्या तुकडीची निघाली, तर खाली नाव घालू.

सासऱ्यांच्या तुकडीकडे चारचाकी गाड्या होत्या. फोटोतल्या गाडीला एका बाजूला तीन चाकं दिसत होती.

*फलकाचा मजकूर: सहाचाकी*

"चारचाकी!"

"बाबा, मोजा."

"मोजायचं काय त्यात? मी चालवलीय ती. तू चित्रात बघतेस."

"मग चित्रात मोजा!"

तिनं पेन्सिलीनं एकेक चाक टोचून दाखवलं. एक. दोन. तीन. पलीकडच्या बाजूला आणखी तीन. सोमवारी दाखवलं, मंगळवारी जेवताना दाखवलं. जगातल्या सगळ्या सहाचाकी गाड्या तिनं धुंडाळल्या. एकीचं तोंड जुळलं तर तिचं बूड जुळेना. राग गाडीचा, निघायचा म्हाताऱ्यावर. बुधवारी तोंडातून निसटलंच:

"तुम्हाला सकाळी औषध घेतलं का ते आठवत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वीची चाकं बरी आठवतात!"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकटेच फोटो घेऊन खिडकीशी बसले.

तेव्हा तिला वाटलं, चला, शांत तरी झाले.

*फलकाचा मजकूर:*

शुक्रवारी छापखान्यातून भिंतीएवढा फोटो आला. उद्या प्रदर्शन. तिनं गुंडाळी जमिनीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली आणि कडेनं चालत निघाली. मधल्या चाकापाशी थांबली. गुडघे टेकले.

पुढच्या आणि मागच्या चाकाखाली चिखल दबलेला. मधल्या चाकाखाली उजेडाची बोटभर फट.

मधलं चाक जमिनीला टेकतच नव्हतं.

स्टेपनी! दोन्ही कुशींना एकेक स्टेपनी टांगलेली. लहान फोटोत गवतानं फट गिळली होती, आणि ती अख्खा आठवडा टांगलेलं चाक मोजत बसली होती. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. गाडी चारचाकी. तुकडी तीच. मग पायही तेच!

ती धावतच घरी आली.

"बाबा, चारच! मधली स्टेपनी आहे, तुम्ही बरोबर होता!"

सासरे हसले. लहान मुलानं काढलेल्या चित्राला हसतात तसं.

"राहू दे गं, सूनबाई. मी मोजली की. तीन आणि तीन सहा."

"अहो, टांगलेली आहेत ती दोन! मोबाइलवर दाखवते, ही फट बघा."

त्यांनी बघितलं. न वाकता.

"मला बरं वाटावं म्हणून धडपडतेस, कळतंय मला. पण तुझ्या साहेबांना मी सकाळीच फोन केला. म्हटलं, माझी चूक झाली. तो मी नसेन."

"नसेन काय? तुम्हीच आहात!"

"गाडी सहाचाकी, तर मी कसा असेन?" हे त्यांनी इतक्या शांतपणे, इतकं मुद्देसूद सांगितलं, की तिला तिचाच आवाज ऐकू आला.

"बाबा, तिचं स्टेअरिंग कसं होतं? दार कुठल्या बाजूला उघडायचं? सांगा ना!"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. हात आपोआप डावीकडे गेला, हवेत एक कडी शोधली. मग त्यांनी हाताकडे पाहिलं आणि तो मांडीवर ठेवला.

"फोटोत दिसतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला खोटं सांगू?"

*फलकाचा मजकूर: चारचाकी चिलखती गाडी. टपावर बसलेला चालक*