वळणावरची घुमटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, रस्त्याकडेचा फलक आहे आणि स्वभावाने जळका आहे. समोरच्या घुमटीचा मला फार हेवा वाटतो.

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या डोंगरात, दरीच्या काठावर मला उभं केलं तेव्हा काय माझा रुबाब! पुढे धोक्याचं वळण आहे, हे मी येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगायचो. पण आमच्या गावाला एक खोड आहे. लग्न असो की बारसं, माणसं बंदुका काढतात आणि नेम धरतात तो आम्हा फलकांवर. माझी पार चाळण झाली. भोकं गंजली, बाण दिसेनासा झाला. रस्ते खात्याची माणसं येऊन बघून गेली, पण नवा फलक काही आला नाही.

आमच्या गावातल्या आर्गिरोचा नवरा थानासिस दुसऱ्या बेटावरचा, इथे नुकताच राहायला आलेला. एका सकाळी धुक्यात त्याला वळण कळलं नाही आणि गाडी दरीत गेली.

रस्त्यावर कुणी गेलं की आमच्याकडे त्या जागी छोटं देऊळ उभारतात; तशी आर्गिरोने त्याच्या आठवणीत टपालपेटीएवढी घुमटी बांधली. ती दर शनिवारी दिव्यात तेल घालते, काच पुसते. येणारेजाणारे थांबून हात जोडतात. आणि मला? मला बकऱ्या पाठ घासतात.

खातं म्हणालं, फलक होता, चूक थानासिसचीच. हा डाग पुसायला आर्गिरो कोर्टात गेली. तिथे खात्याने पवित्रा बदलला: फलक तर गावानेच फोडला! गावातलं कुणी कबूल करेना. शेवटी तिचा काका स्त्रातिस उठला.

"गोळ्या आमच्याच, साहेब. पण भोकं तुम्ही बघून गेलात, आणि रस्ता तुमचा आहे."

न्यायाधीशांनी खात्यालाच जबाबदार धरलं. थानासिसवरचा डाग गेला, नवा फलक आला आणि मला काढून घुमटीमागे टेकवलं. आता मला दोघांचा हेवा!

परवा गावात लग्न होतं. वऱ्हाडाने बंदुका काढल्या. आर्गिरो तेलाची बाटली घेऊन नव्या फलकापुढे उभी राहिली.

"मारा की. पण पुढच्या घुमटीत तेल कोण घालणार, ते आधी ठरवा."

बंदुका खाली झाल्या. मी मागून बघतच राहिलो. माझ्यासाठी असं कुणी कधी आडवं आलं नव्हतं.

मित्रांनो, रस्त्यावरच्या फलकाला जपा. तो मोडला तर ज्याचं काम आहे त्याच्या मागे लागा. मला वेळेवर बदललं असतं, तर जिच्यावर मी इतका जळलो ती घुमटी इथे नसतीच.