चिकटलेली पानं

ताईच्या दफनविधीला मी बायबलमधला सद्गुणी स्त्रीचा उतारा वाचावा, असं पाळकांनी परस्पर ठरवून टाकलं. सद्गुणी म्हणे! ती जन्मभर आमच्या मागच्या खोलीत तोंड मिटून बसली, तेव्हा या चर्चमधलं कुणी फिरकलंसुद्धा नाही.

मी उभी राहिले आणि त्याऐवजी तामारची गोष्ट काढली. चर्चच्या त्या जाडजूड बायबलच्या सोनेरी कडा तिथे अजून चिकटलेल्याच होत्या, कारण ती पानं कधी कुणी उघडलीच नव्हती. मी केसांतली पिन काढून तिने पानं सोडवली. पाळक खाकरले. खाकरू देत. मी वाचत राहिले: भावाने आजाराचं सोंग घेतलं, बहिणीला खोलीत बोलावलं, तिच्यावर जबरदस्ती केली आणि मग तिला बाहेर काढून दाराला कडी घातली.

पहिल्या बाकावर आमचा दादा बसला होता, चर्चचा पंच. त्याची मान खाली गेली.

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत तिने ओठांवर बोट ठेवलं. दादाच्या खोलीतून ताई रडत बाहेर आली होती, त्या दिवशीही आईने असंच बोट ठेवलं होतं.