खोलीचा ट्रॅक

तो डावखुरा असता तर माझा उजवा कान गेला असता. नाही, म्हणून डावा गेला. समोर उभं राहून उजव्या हाताने मारलं की डाव्या कानावरच बसते, आणि माझा नवरा पाठीमागून मारणाऱ्यांतला नाही. तेवढा सभ्य आहे.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्यात आता काही उरलेलं नाही. उजवा जिवापाड सांभाळा." घरी येऊन मी सांगितलं, मळ साचला होता. खरं कळलं असतं तर त्याने मला गाण्यातून काढून टाकलं असतं, आणि त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. शिवाय नोकरी. मी गीझरच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते. आमचा हेडफोन एकाच कानाचा असतो, म्हणून तिथे अजून कुणाला पत्ता नाही. उजवा गेला की गाणंही गेलं आणि पगारही. मग चोवीस तास घरात, त्याच्यासमोर.

नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मित्र त्याला उस्ताद म्हणतात, सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे, पण त्याने ते मनावर घेतलं. उस्तादचं दैवत म्हणजे स्वीडनची एक जोडी. एक लंबू आणि एक चष्मेवाली, नवराबायको आहेत की नाहीत देव जाणे. स्वयंपाकघरात बसून, खेळण्यातल्या कीबोर्डवर आणि चार ट्रॅकच्या जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी करतात. ती ऐकायला खरखरीत लागतात, आणि मला ती फार आवडतात. खोटं कशाला बोलू, आमचं लग्नही त्यांच्याच गाण्यांवरून जुळलं.

त्यांचे नियम उस्तादला तोंडपाठ. पहिल्या फटक्यात येईल तेच ठेवायचं. काहीही पुसायचं नाही. तीन ट्रॅकवर गाणं, आणि चौथा ट्रॅक खोलीचा: माइक एका जागी ठेवायचा, बटण दाबायचं आणि गाण्याच्या लांबीइतका वेळ आपापली कामं करायची. भांडी, पंखा, चपला, जे येईल ते. मग चारही ट्रॅक मिक्स करताना खोली फक्त डाव्या स्पीकरमध्ये टाकायची, अगदी बारीक आवाजात. आम्हीही तसंच करायचो. देवपूजेत त्याने कधी एवढी शिस्त पाळली नसेल.

त्या रविवारी दुपारी तीन ट्रॅक झाले. त्याने माइक फडताळावर ठेवला, बटण दाबलं. मी कपडे वाळत घालायला निघाले. तो काहीतरी म्हणाला असावा. माझ्या डाव्या बाजूला होता. मी तशीच पुढे गेले.

त्याने खांदा धरून मला वळवलं. "माज आलाय का तुला? मी काय भिंतीशी बोलतोय?"

पहिली बसली. मग त्याने केस धरले आणि डोकं फडताळाच्या दारावर आपटलं, दोनदा. आतल्या बरण्या खळखळल्या. मी किंचाळले. बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या नेहमीच वाढवतात, आमच्या भांडणांपायी त्यांच्या सगळ्या मालिका शेजाऱ्यांच्याही पाठ झाल्या असतील. मी खाली पडले तेव्हा बरगडीत लाथ बसली. मग दुसरी. ती मी हातावर झेलली आणि करंगळी उलटी वळली. मशीनचा खटका वाजला, गाण्याची लांबी संपली, तेव्हा तो थांबला.

"हे पुसूया," मी म्हटलं.

"पुसायचं नाही म्हणजे नाही. मिक्स करताना खाली दाबून टाक. आणि तोंड धुऊन घे, आईला चहा हवाय."

मिक्सिंगला तो कारकुनी म्हणायचा, म्हणून ते माझ्याकडे. माझी एक पद्धत होती. एकदा हेडफोन सरळ घालायचा आणि उजवी बाजू ऐकायची. मग उलटा घालायचा, म्हणजे डावी बाजू उजव्या कानात येते. हेडफोनवरची डाव्या-उजव्याची अक्षरं झिजून गेली होती, पण माझी कधी चूक झाली नव्हती. त्या दिवशी डोकं ठणकत होतं, करंगळी सुजली होती आणि कॅसेट द्यायला तो दारात घाई करत उभा होता. हेडफोन उलटा घातलाय असं समजून मी सरळच घातला. खोली बहिऱ्या कानावर पडत होती, ऐकूच येईना. म्हणून बटण वाढवलं. तरी येईना. आणखी वाढवलं. जेमतेम पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं, तेव्हा म्हटलं, झालं, एवढं पुरे. आता सगळे म्हणतात मी मुद्दाम केलं. माझ्यात तेवढी हिंमत असती तर मी केव्हाच घर सोडलं असतं.

कॅसेट द्यायची होती ती त्या जोडीलाच. ते आमच्या शहरात येणार होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते गावातल्या एका चाहत्याची कॅसेट लावतात. आधी ऐकत नाहीत; सगळ्यांसोबत पहिल्यांदा ऐकायची, हाही नियमच. चिठ्ठी टाकून निवडतात. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चष्मेवालीने टोपीतून चिठ्ठी काढली आणि आमचं नाव निघालं. उस्तादने सगळ्यांदेखत मला मिठी मारली. बरगडी अजून दुखत होती. तरीही मला आनंद झाला, याची आज लाज वाटते.

संध्याकाळी पाचला सभागृह भरलं होतं. आम्हाला स्टेजवर उभं केलं, मी उजव्या स्पीकरला खेटून, उजवा कान त्याच्याकडे करून. लंबूने कॅसेट लावली. माझ्या कानात माझंच गाणं दणाणायला लागलं आणि मी डोळे मिटले. चारशे माणसं माझा आवाज ऐकत होती.

डोळे उघडले तेव्हा डाव्या स्पीकरपुढचे लोक उभे राहत होते. पहिल्या रांगेतल्या मुलीने तोंडावर हात धरला होता. चष्मेवाली लंबूकडे बघत होती, लंबू माझ्या करंगळीच्या पट्टीकडे. मी मान वळवून उजवा कान पलीकडच्या स्पीकरकडे केला.

"माज आलाय का तुला?" सभागृहभर. मग थप्पड. मग बरण्या.

उस्तादने माझं मनगट धरलं आणि मला फरफटत पडद्यामागे नेलं. मागे अरुंद बोळ होता, भिंतीला माइकचे मोडके स्टँड टेकवून ठेवलेले. त्याने मला भिंतीवर आदळलं. "खाली दाबायला सांगितलं होतं ना! ऐकू येत नव्हतं? बहिरी आहेस का?"

"हो," मी म्हटलं. "डाव्याने ठार बहिरी. तूच केलीस. दोन वर्षं झाली."

त्याने माझ्या डाव्या कानाकडे बघितलं. मला वाटलं, ओशाळला. तेवढी मूर्ख मी तेव्हाही होतेच. त्याने उजव्या हाताने माझा गळा धरला आणि डाव्या हाताची मूठ वळली.

"मग दुसरा कशाला ठेवायचा?"

मी डोकं खाली घातलं. मूठ कानाच्या वर कानशिलावर बसली. आणि सगळं गप्प झालं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. गेला, मी मनात म्हटलं. उजवाही गेला. पोटातून असा काही संताप वर आला की गळ्यावरचा त्याचा हात मला जाणवेना. हाताला एक स्टँड लागला, खाली ओतीव लोखंडाची जड तबकडी असलेला. मी तो दोन्ही हातांनी फिरवला. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. गळा सुटला. तो भिंतीला हात टेकून सावरायला गेला आणि दुसरा घाव मी त्या हातावरच घातला.

मनगट मोडल्याचा आवाज उजव्या कानाने मला स्वच्छ ऐकू आला.

कान शाबूत होता. मी रडायला लागले. उस्ताद किंचाळत होता, तेही ऐकू येत होतं. पडद्यापलीकडे कॅसेट कुणी थांबवली नव्हती, तिथे मी किंचाळत होते. दोघांचंही मी नीट ऐकून घेतलं, आणि स्टँड पुन्हा उचलला.