उपासातली कोंबडी

भांड्यावरचं झाकण खडखडलं, आणि एवढा वेळ शांत असलेल्या घरात थॉमसिनने ते पटकन दाबून धरलं. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. घरात मांस शिजवताना सापडलं, तर इंग्लंडच्या राणीचा कायदा भर चौकात लाकडी खोड्यात पाय अडकवून बसवायचा. मासे चालायचे, पण ते विकत घेण्याची तिची ऐपत नव्हती. पाद्रीबाबा सूट द्यायचे, पण ती पैसेवाल्यांनाच. तापाने आठवडाभर मलूल पडलेली तिची लेक मार्जरी आज "भूक लागली" म्हणाली, तेव्हा थॉमसिनने अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी कापली होती.

वास बाहेर गेलाच. चर्चचे कारभारी अँब्रोजकाका दारात येऊन उभे राहिले.

"काय शिजतंय गं?"

"सलगम, काका."

"आमच्या हिच्या सलगमाला असा वास जन्मात आला नाही." त्यांची नजर अंथरुणात बसून रस्सा पिणाऱ्या मार्जरीवर गेली. "उठून बसली म्हणायची पोर."

"आजच बसली."

"मग सलगम नीट झाक. आणि मागच्या दारची पिसं पुरून टाक. सलगमाला पिसं नसतात."

दार ओढून घेऊन ते निघून गेले. थॉमसिनला हसू आवरेना. ती लेकीजवळ टेकली. मार्जरीच्या गालांवर पुन्हा रंग चढला होता.

"आई, कोंबडी आपलीच होती ना?"

"आपलीच की गं, राणी."

"मग लपवायचं कशाला? आपण कुणाचं काय चोरलं?"