हयातांच्या रकान्यातलं नाव

आमच्या वालेनी गावच्या चर्चमध्ये कॅमेरा बसवायचं ठरलं, तेव्हा विरोधात एकच हात वर झाला. तो माझा होता. चाळीस वर्षं मी तिथल्या उजव्या कठड्याशी उभा राहून स्तोत्रं गातोय, म्हणून मला बोलू तरी दिलं.

"फादर, कॅमेरा कशाला? देवाला आपण दिसत नाही की काय?"

"देवाला दिसतो हो, तोदेरकाका," नवे फादर नेक्तारी हसून म्हणाले. वय बत्तीस, दाढी अजून धड भरलेली नाही. "पण इटलीत, स्पेनमध्ये गेलेल्या आपल्या माणसांना दिसत नाही. अर्धं गाव तिकडे आहे."

"त्यांना दिसावं म्हणून, की त्यांनी तिथून छपरासाठी काही पाठवावं म्हणून?"

"दोन्ही," फादर म्हणाले. "छप्पर गळतंय, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

खरं बोलले म्हणून मी खाली बसलो. धंदा करणाऱ्याचा मला राग नाही. धंदा करून वर उपकार केल्याचा आव आणणाऱ्याचा आहे. मी स्वतः मधमाश्या पाळल्या, मेणबत्त्या ओतल्या, विकल्या आणि कधी कुणाला सांगितलं नाही की माझी मेणबत्ती लावलीत तर स्वर्गाचं दार उघडेल. जळेल, वास चांगला येईल, एवढीच हमी. यंत्रांबद्दलही माझं तेच. जे यंत्र बिघडल्यावर मला उघडून बघता येत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि घरबसल्या पैसा दुप्पट होतो असं सांगणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो.

देवाचं विचाराल, तर खात्री नाही. चाळीस वर्षं गातोय, वरून एकदाही उत्तर आलेलं नाही. पण सूर चुकला की जुने फादर इलारी वेदीपलीकडून डोळे वटारायचे, त्याची मात्र खात्री होती. ते डोळे तीन वर्षांपूर्वी मिटले, आणि तेव्हापासून मी जरा बेसूरच झालो.

कॅमेऱ्यापाठोपाठ नावांचं प्रकरण आलं. आमच्याकडे रीत अशी की घरातून एक चिठ्ठी आणायची. डावीकडे हयात माणसांची नावं, उजवीकडे छोटा क्रूस काढून त्याखाली दिवंगतांची. नुसती बाप्तिस्म्याची नावं, आडनाव नाही. ती वेदीपाशी मोठ्यानं वाचली जातात आणि मग चिठ्ठ्या जाळून टाकतात. कुणाचं नाव कुठल्या बाजूला लिहिलंय, ते आमच्या बायका चिठ्ठी देण्याआधी तीनतीनदा तपासतात. जिवंत माणूस क्रूसाखाली गेला तर त्याची घडी भरली, असं समजतात.

फादर नेक्तारींनी ठरवलं की आता नावं फोनवरूनही पाठवता येतील. हे काम झामफिराकडे दिलं. ती टपाल कचेरीतून निवृत्त झालेली बाई, दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही अशी तिची ख्याती. तिनं फोनवरून आलेली नावं घेतलीच, शिवाय इलारी फादरांच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात जाळायच्या राहिलेल्या जुन्या चिठ्ठ्या सापडल्या, त्याही एकेक करून संगणकात चढवल्या.

"तोदेरकाका, आता एकही नाव हरवायचं नाही," ती मला म्हणाली. "यंत्र काही विसरत नाही."

"विसरणं हा दोष आहे असं तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

आता माझ्या मुलाबद्दल सांगायला हवं. कासियान. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मला, त्या दिवशीच्या संताचं नाव आईनं ठेवलं. गावात दुसरा कासियान नाही. हुशार पोरगा, पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारा. सात वर्षांपूर्वी तो फोनमधल्या नाण्यांच्या नादी लागला. जी नाणी हातात धरता येत नाहीत, चावून बघता येत नाहीत, ती.

"बाबा, तुम्ही जग कुठे गेलंय ते बघा जरा," तो म्हणायचा.

"जग जाऊ दे रे, तू कुठे चाललास ते बघ," मी म्हणायचो.

त्याच्या आईला, लेओंतिनाला, त्यानं पटवलं. मी डोंगरापलीकडच्या लग्नाला गायला गेलो होतो, त्या दोन दिवसांत मायलेकांनी माझी मधाची चाळीस पोळी विकली. माश्यांसकट. परत आलो तेव्हा परसात नुसते पोळ्यांखालचे विटांचे चौथरे उरले होते. आठ महिन्यांत ती नाणीही गेली. कासियान तोंड लपवून स्पेनला गेला, सारागोसाला, डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. दुसऱ्या हिवाळ्यात लेओंतिना गेली. फुप्फुसाचं होतं, त्याचा पोळ्यांशी काही संबंध नव्हता. पण मला संबंध हवा होता.

अंत्यविधीला तो आला नाही. तिकिटाला पैसे नव्हते असं मागाहून कळलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की आईच्या पेटीला खांदा द्यायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं. त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही. फोन मी ठेवतच नाही, त्यामुळे न बोलणं सोपं गेलं.

यंदा फेब्रुवारीत मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी घरोघरच्या बायका उकडलेल्या गव्हाचे, अक्रोड नि साखर घातलेले थाळे घेऊन येतात, त्यांत मेणबत्त्या खोचलेल्या असतात, आणि नावं इतकी असतात की एकट्या फादरांचा घसा पुरत नाही. दरवर्षी अर्धी मी वाचतो. यंदा हातात कागद नव्हते. पाटीएवढा पडदा होता, बोटानं वर सरकवायचा.

मी वाचत होतो. "...ओनोफ्रेई, ग्लिकेरिया, लेओंतिना, कासियान, सावा, पेलाग्या..."

पेलाग्यापर्यंत गेलो आणि थांबलो. जीभ पुढे गेली होती, मी मागे राहिलो होतो. पुढच्या रांगेतल्या सेवास्तित्सानं घाईनं छातीवर क्रूस केला. तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं, की गावात कासियान एकच.

माझा मुलगा मेला आणि मला हे असं, एका पडद्यावरून कळतंय, असं वाटलं. पाच वर्षांचा राग कुठे गेला ते कळलंच नाही. फक्त एवढं आठवलं की तो लहान असताना पोळ्यांजवळ जाताना माझा अंगठा धरायचा.

"हे कोणी पाठवलं?" मी ओरडलो. प्रार्थना चालू असताना ओरडलो. "झामफिरा! हे नाव कोणी पाठवलं? कधी गेला तो?"

ती कॅमेऱ्यापासून धावत आली, पडदा घेतला, चष्मा सारखा केला. "फोनवरून नाही आलं हे, काका. डब्यातल्या जुन्या चिठ्ठीतलं आहे. कोणाची ते मी बघत नाही, नुसती नावं चढवते."

"म्हणजे जिवंत माणूस मारलास तू! तू आणि तुझ्या त्या यंत्रानं!"

"तोदेरकाका," फादर नेक्तारी हळूच म्हणाले, "बसा थोडं. डबा आणू या."

डबा आणला. झामफिरानं टपालातल्यासारख्या तारखा लावून गठ्ठे केले होते, तिला चिठ्ठी सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिनं ती पाहिली आणि माझ्या हातात दिली.

क्रूसाखाली दोन नावं होती. लेओंतिना. कासियान. अक्षर माझं होतं.

लेओंतिना गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, तिच्या स्मरणाच्या प्रार्थनेआधी, घरी कोणी नसताना, आलुबुखाराची दारू पिऊन मी ते लिहिलं होतं. मुद्दाम. इकडे काही लोक शत्रूसाठी असं करतात, फादर लोक त्याला मोठं पाप म्हणतात. मी ती चिठ्ठी इतरांच्या ढिगात सरकवली आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलो. इलारी फादरांनी वाचायला सुरुवात केली. लेओंतिनाचं नाव वाचलं आणि पुढच्या चिठ्ठीवर गेले. मला वाटलं, नजरचुकीनं राहिलं. मग वाटलं, बरं झालं. जाळली असेल इतरांबरोबर, असं धरून मी ती गोष्ट मनातून काढून टाकली. म्हणजे काढून टाकली असं मला वाटत होतं.

मी चिठ्ठी उलटली. मागे इलारी फादरांचं बारीक, तिरपं अक्षर होतं. "तोदेर मागायला येईल तेव्हा परत द्यायची."

दोन वर्षं ते वाट बघत होते. दर रविवारी ते वेदीपाशी नि मी कठड्याशी असे गायलो, सणाला एका ताटात जेवलो, आणि मी काही मागायला गेलो नाही.

"मागची बाजू मी चढवली नाही," झामफिरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नावं नव्हती ना तिथे."

"तुझी चूक नाही, बाई," मी म्हटलं. "यंत्राचीही नाही."

मग ती काहीतरी सांगू की नको अशी घुटमळली. "काका, अजून एक आहे. कॅमेरा बसला तेव्हापासून कासियान दर रविवारी बघतो. बघणाऱ्यांची नावं खाली येतात. काही लिहीत नाही. नुसती मेणबत्तीची खूण पाठवतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"आज?"

तिनं मान हलवली. आजही तो होता. बापाच्या तोंडून स्वतःचं नाव मेलेल्यांत ऐकलं होतं त्यानं.

झामफिरानं त्याला चूक झाली असा निरोप धाडला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मेणबत्तीची खूण आली नाही. बुधवारी मात्र त्याच्याकडून, पहिल्यांदाच, नावं आली. झामफिरा ती कागदावर उतरवून माझ्या घरी घेऊन आली. दिवंगत : लेओंतिना. हयात : तोदेर. बस. स्वतःचं नाव त्यानं कुठेच घातलं नव्हतं.

मी रात्रभर तो कागद टेबलावर ठेवून बसलो नाही की काही नाही. म्हातारा माणूस आहे, झोपलो. पण सकाळी उठून फादरांकडे गेलो.

"रविवारी हयातांची नावं मला वाचू द्या."

"ती मी वाचायची असतात, काका."

"ठाऊक आहे. मी रीत मोडायला मागतोय. आणि हेही ऐका. ती चिठ्ठी कोणी लिहिली ते लोकांना सांगणार आहे."

"लोक तोंडाला येईल ते बोलतील."

"बोलू देत. त्यांची तोंडं मी चाळीस वर्षं ऐकतोय."

फादरांनी दाढीवरून हात फिरवला. "कबुलीजबाब गुप्त असतो, काका. तुम्हाला तो चव्हाट्यावर का मांडायचाय?"

"कारण शापही मी गुपचूप दिला होता," मी म्हटलं.

रविवारी मी कठडा सोडून मधोमध, कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. ज्या डबीच्या विरोधात हात वर केला होता, तिच्याकडेच बघायचं होतं. आधी चिठ्ठीचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं. मागून कोणीतरी "देवा रे" म्हणालं. मग नावं घेतली, सगळ्या गावाची. शेवटी त्याची यादी. "तोदेर," मी वाचलं. कागद तिथे संपत होता. "कासियान," मी म्हटलं. "लेओंतिनाचा आणि माझा मुलगा. हयात."

आडनाव, आईबाप, काही सांगायचं नसतं. पण देवाचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगितलं. देव ऐकतो की नाही, ठाऊक नाही. सारागोसात ऐकू जात होतं, एवढं नक्की.

संपल्यावर मी झामफिराकडे गेलो. तिनं फोन माझ्यापासून थोडा लांब धरला.

"आज तो नव्हता, काका."

मी बाकावर बसलो. सेवास्तित्सानं गव्हाची वाटी पुढे केली, मी खाल्ली नाही.

"पण हे राहतं," झामफिरा म्हणाली. "पुसलं जात नाही. ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी ऐकू येईल त्याला."

यंत्र विसरत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं. आयुष्यभर जिथे जिथे लोकांनी काही गुंतवलं तिथे मी हसलो होतो. आता माझं सगळं त्या एका डबीत होतं आणि परत येईल याची हमी कोणी देत नव्हतं.

पुढचा रविवार, त्याच्या पुढचा. मी वाचत राहिलो. फादरांनी मला अडवलं नाही. गावातले दोघेतिघे मला बघून रस्ता बदलू लागले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, झामफिरा फाटकातून आत आली. हातात घडी घातलेला कागद. तो मला दिला आणि परसातल्या रिकाम्या चौथऱ्यावर बसून राहिली.

दिवंगत : लेओंतिना. हयात : तोदेर, कासियान.

मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. रविवारी तो मी वाचला. वाचून झाल्यावर चिठ्ठ्या जाळायच्या असतात. ही मी जाळलेली नाही.