मधुसूदन राव आहेत का?

“पुन्हा आलंय,” हे म्हणाले आणि रिपोर्ट टेबलावर आपटला. वाटीतलं सांबार हिंदकळलं.

मी न वाचताच ओळखलं. आमच्या पतीच्या रिपोर्टात, म्हणजे ह्यांच्या बँकेतल्या पतीच्या आणि माझ्या पतीच्याही, एक थकलेलं कर्ज ठाण मांडून बसलं होतं. ह्यांनी ते कधी घेतलंच नव्हतं. तक्रार केली की मुंबईची ती पतनोंद करणारी कंपनी चूक दुरुस्त करायची, आम्ही देवापुढे साखर ठेवायचो, आणि पुढच्या महिन्यात बँकेकडून नवी माहिती गेली की कर्ज परत हजर. घातली गोणपाटात नि आली तासाभरात, अशी मांजराची गत.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण मद्रासमधला, वेलचेरीतला हा फ्लॅट आमचे घरमालक विकायला निघाले होते. ते अमेरिकेत मुलाकडे कायमचे जाणार होते. आधी तुम्हांला विचारतो, म्हणाले, पण पोंगलपर्यंतच थांबेन. ह्यांच्या फंडातून बरीचशी रक्कम उभी राहत होती, उरलेल्यासाठी कर्ज हवं होतं, आणि हा रिपोर्ट पाहून प्रत्येक बँक हात जोडत होती. पंचावन्नाव्या वर्षी भाड्याचं दुसरं घर शोधायचं, हे ह्यांच्या जिवाला लागलं होतं.

चुकीचं मूळ ह्यांच्या नावातच होतं. कुंभोजहून इथे सरकारी संशोधन संस्थेत स्टोअरकीपर म्हणून आले, तेव्हा तिथल्या क्लार्कने विचारलं, इनिशियल काय? वडिलांचं नाव त्र्यंबक, म्हणून टी. मधुसूदन. (लिहायला हरकत नाही, तोंडाने मी ह्यांचं नाव घेत नाही.) आडनाव गळून पडलं ते पडलंच. ह्यांना त्याचं कौतुकच. दारावर पाटीही तशीच लावली. ‘मद्रासला येऊन आडनाव विकून खाल्लंत’ म्हणून मी चिडवायची. त्यात शाळेच्या गुरुजींनी जन्मतारीख टाकलेली एक जून. आमच्याकडे अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं. दुसरा कुणी टी. मधुसूदन त्याच तारखेला कागदोपत्री जन्मला असणार, आणि संगणकाने दोघांना एक करून टाकलं होतं.

रिपोर्टात एक पत्ता छापलेला असायचा, अड्यारचा. तो आमचा नाही, एवढंच हे दर वेळी तक्रारीत लिहायचे. त्या दिवशी मी म्हटलं, अहो, तिथे जाऊन तरी बघू. ह्यांनी शर्ट चढवला तो भांडायलाच निघाल्यासारखा. शेअर ऑटोतही रिपोर्ट मुठीत धरून बसले.

दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. ह्यांनी तमिळमध्ये सुरुवात केली, अडखळले, आणि वळून मला म्हणाले, “तूच सांग गं.” ते ऐकून बाईंचा चेहराच बदलला.

“आपलेच लोक की. आंत या हो, बैसा,” त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव विजयालक्ष्मी. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी जुन्या पितळी डब्यात ठेवल्यासारखी होती, मधूनमधून तमिळ शब्दांची फोडणी. कॉफी आली. ह्यांनी रिपोर्ट पुढे केला आणि घुश्शातच विचारलं की हे टी. मधुसूदन कोण, आणि कर्ज का फेडत नाहीत.

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. फोटोला चंदनाचा हार होता, खाली नाव, मधुसूदन राव. सासऱ्यांचं नाव तुळजाजी, म्हणून तिथेही टी. यजमानांनी मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं आणि वर्षाच्या आत गेले. कर्जाचा विमा होता. मृत्यूचा दाखला बँकेत दिला की सगळं मिटणार, हे जावयाने बाईंना सांगून ठेवलं होतं. दाखला कपाटात पडून होता.

“मग दिलात का नाही?” मी विचारलं.

त्या पदराचं टोक चाळवू लागल्या. मग म्हणाल्या, “आमच्यांत बाई नवऱ्याचं नांव घेत नाही. सासू-सासरे घ्यायचे, ते गेले. आतां ह्या घरांत त्यांचं नांव घेणारं कोणी नाही. बँकेतून मात्र दर महिन्याला फोन येतो. मधु... त्यांचं नांव घेऊन पुसतात, सार इरुक्कारा? आहेत का? मी सांगते, बाहेर गेलेत. दाखला दिला, की तो फोनही बंद.”

एवढं बोलून त्या कप उचलायला लागल्या. ह्यांनी रिपोर्टाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि खिशात टाकला. निघताना भांडणाचा शब्दही काढला नाही. फक्त फ्लॅटचं मी बोलून गेले आणि आमचा नंबर लिहून ठेवला. ऑटोत हे म्हणाले, “जाऊ दे. भाड्याचं तर भाड्याचं. आजवर राहिलोच की.” मला राग आला आणि ह्यांचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

दोन दिवसांनी विजयालक्ष्मीबाईंचाच फोन आला. ह्या नावाच्या माणसाचं घर माझ्यापायी अडाया नको, म्हणाल्या. बँकेत सोबत याल का?

बँकेत गर्दी होती. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत. तिने सगळं समजावलं: खात्यावर मयताची नोंद झाली, की ते पुन्हा जिवंत माणसाच्या नावावर चढणार नाही. मग कीबोर्डवर बोटं ठेवून तिने विचारलं, “उंग वीट्टुक्कारर पेरु?” तुमच्या यजमानांचं नाव?

बाईंनी दाखला पुढे सरकवला. मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तिने बघितलंच नाही, पुन्हा तेच विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याही जिभेला गाठ पडली. ते ह्यांचंही नाव होतं.

“मधुसूदन राव,” विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. स्पष्ट, सावकाश, एकेका अक्षरावर थांबत. शेजारी उभे असलेले हे दचकून ‘ओ’ देणार होते, मी हात दाबला.

मुलीने टाइप केलं. काम दहा मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर बाईंनी मोगऱ्याचा गजरा घेतला, माझ्या केसांत माळला आणि बसने घरी गेल्या. आम्ही सोडतो म्हटलं तर नको म्हणाल्या.

पुढचा रिपोर्ट कोरा आला, आणि त्याच्या पुढचाही. पोंगलच्या आधी फ्लॅट आमचा झाला. हे खुशीत होते. पाटी बदलून ह्यांनी आडनावासकट पूर्ण नाव लावलं.

एका संध्याकाळी फोन वाजला. हे कोथिंबीर आणायला खाली गेले होते.

“मधुसूदन राव आहेत का?” पलीकडून आवाज आला. मी ओळखला, विजयालक्ष्मीबाईंचा.

“बाहेर गेलेत,” मी सहज म्हटलं, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

मग त्यांनी विचारलं, “येतील न्हवे?”

“येतील,” मी म्हणाले. “आत्ता येतील.”

“बरं,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी गॅस बंद केला आणि हे जिना चढून येईपर्यंत दारातच उभी राहिले.