नावाची बातमी

"तुमच्या हातून बाळाला बाप्तिस्म्याचं तेल लावलं, तर बिशप मला जाब विचारतील, साहेब," पाद्री आन्थिमोस म्हणाले. "धर्मपिता आमच्याच पंथाचा लागतो, तुम्ही पडलात कॅथलिक. आणि कप्तान लाम्ब्रोस आहेत की."

लाम्ब्रोसचं नाव निघताच जनरल मार्साकांच्या पोटात दुखू लागलं. तीन वर्षांपूर्वी फ्रान्समधली नोकरी सोडून ते ग्रीकांच्या बाजूने तुर्कांशी लढायला आले होते. मेथानाच्या छावणीत त्यांनी मेंढपाळांना रांगेत उभं राहायला शिकवलं, कांदा-ऑलिव्हवर दिवस काढले. लाम्ब्रोस लढाई संपत आली की डोंगरावरून उतरायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचा. तरी लोकांची गाणी त्याच्यावरच, आणि छावणीतल्या अकरा पोरांचा धर्मपिताही तोच.

मार्साकांना ना बायको, ना मूल. शिपाई स्तामातिसला त्यांनी लढाईतून पाठीवर टाकून आणलं होतं. निदान त्याच्या या बाळाचे तरी आपण कोणी लागू, म्हणून त्यांनी चांदीचा क्रूस मागवला होता. तो खिशातच राहिला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी ते चर्चच्या दाराशी उभे राहिले. नाव ठेवायचा मान धर्मपित्याचा. आईने तोवर घरी थांबायचं आणि नाव घेऊन जो पहिला येईल त्याचं तोंड गोड करायचं. पाद्र्यांनी विचारताच लाम्ब्रोसने खड्या आवाजात स्वतःचंच नाव सांगितलं. छावणीतला हा चौथा लाम्ब्रोस. मार्साकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते तडक स्तामातिसच्या घराकडे निघाले. गुडघा दुखरा, पण दाराशी असल्यामुळे सगळ्यांच्या पुढे होते. डोक्यात एकच विचार: स्तेफानोस सांगायचं. त्यांच्या स्वतःच्या एतिएन या नावाचं इथे स्तेफानोसच झालं होतं. लोक येईपर्यंत तरी ते नाव एका आईच्या तोंडी राहील.

स्तामातिसची बायको क्रिनिओ उंबऱ्यातच होती. खुद्द जनरल लंगडत येताना पाहून तिने डोक्यावरचा रुमाल सावरला.

"काय ठेवलं, साहेब?"

स्तेफानोस अगदी ओठांवर आलं होतं.

"लाम्ब्रोस," मार्साक म्हणाले. "चांगलं नाव आहे."

ती हसली, ते नाव तिने दोनदा म्हणून पाहिलं. मार्साकांना ते ऐकवेना. मग तिने त्यांच्या हातावर साखरेत घोळलेला बदाम ठेवला.

"घ्या, तोंड गोड करा. पहिले तुम्हीच आलात."

मागे मिरवणूक वळणावर आली होती. मार्साकांनी बदाम तोंडात टाकला आणि बाजूला होऊन लाम्ब्रोसला वाट दिली.